एकशे नऊपैकी एक आजारी

घरात गरजेपेक्षा जास्त रोपे झाली तर नागरिकाने काय करावे, याविषयी कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. ती तरतूद काय आहे, हे मात्र रोपे झाल्यावरच कळते.

ग्रॅमकाकांच्या गॅलरीत टोमॅटोची एकशे बारा रोपे झाली होती. बियांच्या पाकिटात एकशे बारा बिया होत्या. काकांनी त्या मोजल्या, मोजल्या तितक्या पेरल्या, आणि पेरल्या तितक्या उगवल्या. इतर कोणाच्या घरी पेरलेल्यातल्या निम्म्या बिया कुजतात, काही मुंग्या नेतात, काही उगाच रुसून बसतात. काकांच्या घरी असला ढिसाळ कारभार बियांनाही जमला नाही.

काकांनी एकतीस वर्षे मालधक्क्यावर वजनकाट्यावर कारकुनी केली होती. ट्रक काट्यावर चढायचा, काटा थरथरायचा, स्थिर व्हायचा, आणि काका आकडा लिहायचे. "लिहा की जरा गोल करून," असे कोणी म्हटले तर ते चष्मा काढून त्या माणसाकडे इतका वेळ बघत राहायचे की तो आपण होऊन ट्रकमधून उतरायचा. म्हणून आधी धक्क्यावर आणि मग बिल्डिंगमध्येही त्यांचे नाव ग्रॅमकाका पडले. स्वतः काकू चारचौघांत त्यांना "हे" म्हणायच्या, आणि वैतागल्या की "हे ग्रॅम" म्हणायच्या.

घरात सहा रोपे पुरली असती. सगळी मांडायची आणि शेवटची सहा ठेवून उरलेली विकायची असे ठरले. पेला, माती आणि बी यांचा खर्च निघावा आणि वर दोघांच्या चहापुरते काही सुटावे, एवढीच महत्त्वाकांक्षा होती. पण काकांच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी फक्त काकूंना सांगितली होती. आयुष्यभर त्यांनी लोकांचा माल तोलला होता. स्वतःच्या हातचा म्हणून एक दाणाही कधी काट्यावर चढवला नव्हता. ही पहिलीच वस्तू त्यांनी स्वतः केलेली होती, आणि ती लोकांच्या खिडक्यांत वाढताना त्यांना बघायची होती. त्यासाठी हातात बावीस दिवस होते. त्यानंतर कागदी पेल्यात मुळांना जागा उरत नाही, ती आतल्या आत गोल गोल गुंडाळत जातात आणि रोप जागच्या जागी बसते, असे पुस्तकात लिहिले होते. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात तेवढे चौकोन मोजून ठेवले.

पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी जिन्याखाली दोन स्टुलांवर फळी टाकली, रोपे ओळीने मांडली, प्रत्येक पेल्यावर क्रमांक लिहिला आणि "घरची रोपे" असा पुठ्ठा लावला. तासाभरात तीन रोपे गेली. काकू वरून दोनदा डोकावून गेल्या आणि दुसऱ्यांदा चक्क हसल्या.

मग कापडी पिशवी घेतलेला एक गृहस्थ आला. त्याने रोपे पाहिली, पुठ्ठा पाहिला, आणि खोल श्वास घेतला.

"परवाना असेलच," तो म्हणाला.

"कसला?"

"घरगुती रोप नियमन कक्षाचा. मी तिथला निरीक्षक." त्याने पिशवीतून वही काढली. चेहरा चांगल्या माणसाचा होता, फक्त चहाची वेळ टळलेली दिसत होती. "घाबरू नका काका. दहापर्यंत रोपं असली तर आम्ही छंद धरतो. छंदाला परवाना लागत नाही. ही आठ-दहा असतील, नाही का?"

"एकशे नऊ," काका म्हणाले. "सकाळी एकशे बारा होती."

निरीक्षकाने पेन उचलून धरले. "जरा नीट आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? समोर आहेत. मोजा."

"मी मोजणार नाही. मोजलं की मला लिहावं लागतं. मी छंद लिहू?"

"लिहा, लिहा!" वरून काकू ओरडल्या. "छंदच आहे मेला!"

"एकशे नवाचे दहा कसे लिहाल तुम्ही?" काकांनी चष्मा काढला. "आणि लिहिताच आहात तर पुरतं लिहा. एकशे नऊपैकी एक आजारी आहे."

निरीक्षकाच्या हातातले पेन गळून पडले. "हे मी ऐकलं नाही."

"ऐकलं नाही? पुन्हा सांगतो. सत्तेचाळीस नंबर. पान मुडपलंय."

निरीक्षक पायरीवर बसला. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याला कोणी खरा आकडा सांगितला नव्हता. शहरभर फळ्या मांडल्या जात होत्या, कुठे दोनशे रोपे होती, कुठे चारशे, आणि सगळीकडे छंद होता. कक्षाचे काम त्यामुळे कसे सुरळीत चालले होते. खऱ्या आकड्यासाठी नियम होते, नमुने होते, रजिस्टरेही होती, पण ती अजून कोणी उघडली नव्हती. त्याने डोळे पुसले आणि वहीत लिहिले: एकशे नऊ, पैकी एक आजारी.

"काका," तो उठताना म्हणाला, "तुम्ही माणूस चांगले आहात. पण फार वाईट केलंत."

दुसऱ्या दिवशी काका कक्षाच्या चार मजली इमारतीत गेले. खिडकी क्रमांक चारवरच्या बाईंनी त्यांना एकशे नऊ अर्ज दिले, कारण परवाना विक्रेत्याला मिळत नसून रोपाला मिळतो. अर्ज मुळात दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी छापलेला असावा. त्यात नाव होते, जन्मदिनांक होता, पालकाचे नाव होते, यापूर्वी शिक्षा झाली आहे काय असाही एक रकाना होता. काकांनी दोन दिवस बसून सगळे अर्ज भरले. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, अशी सूचना वर ठळक छापलेली होती. "व्यवसाय" या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले. मग विचार करून त्यांनी एकशे नऊ ठिकाणी सुवाच्य अक्षरात लिहिले: वाढणे.

"फोटो कुठेत?" बाईंनी विचारले.

"कोणाचे?"

"ज्याचा अर्ज त्याचा. समोरून. दोन्ही बाजूची पानं स्पष्ट दिसली पाहिजेत."

"रोपाला समोर कुठली असते हो?"

बाईंनी नियमावली उघडली, पाने चाळली आणि मिटली. "जी बाजू फोटोत येईल ती समोर," त्या म्हणाल्या. हे उत्तर इतके बरोबर होते की काकांना त्यांच्याविषयी आदरच वाटला.

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने आधी हात झटकले. मग एकशे नऊ फोटो म्हटल्यावर खुर्ची पुसून दिली. निळा पडदा, उंच स्टूल, त्यावर पेला. पहिल्या दहा रोपांपर्यंत तो हसत होता. विसाव्यापासून सवयीने "मान जरा वर" म्हणू लागला. चाळिसाव्याला त्याने पावडर लावू का म्हणून विचारले. बासष्टाव्या वेळी पंख्याचा वारा लागला आणि तो वैतागून ओरडला, "हलू नकोस रे! एवढे सगळे शांत बसले, तुलाच काय झालं?" काका त्या रोपाच्या वतीने "सॉरी" म्हणाले.

फोटो चार दिवसांनी मिळाले. काका ते घेऊन खिडकीवर गेले, पडताळणीसाठी नमुना म्हणून पहिल्या क्रमांकाचे रोपही सोबत घेतले. बाईंनी फोटो पाहिला, रोप पाहिले, पुन्हा फोटो पाहिला.

"फोटोत चार पानं आहेत. याला सहा आहेत."

"वाढलं ते."

"म्हणजे हे ते नाही."

"तेच आहे हो! मी ओळखतो ना त्याला."

"तुम्ही ओळखून काय उपयोग? कागदाने ओळखलं पाहिजे." बाईंनी दुसरा गठ्ठा पुढे सरकवला. "प्रतिज्ञापत्र करून आणा. फोटोतील चार पानांचे रोप आणि सध्याचे सहा पानांचे रोप ही एकच आहेत, असं. प्रत्येकी एक."

प्रतिज्ञापत्रे व्हायला तीन दिवस लागले. तोवर पाने आठ झाली होती. काका प्रतिज्ञापत्रे आणि ते रोप घेऊन आले तेव्हा बाईंनी नुसते पानांकडे बोट दाखवले, आणि काकांनी नुसती मान खाली घातली. या दोघांना एव्हाना फारसे बोलावे लागत नव्हते.

मधल्या काळात सत्तेचाळीस क्रमांकाचे प्रकरण वेगळेच पेटले होते. आजारी रोप निरोगी रोपांपासून किमान दहा मीटरवर ठेवावे, असा नियम निघाला. काकांनी टेप लावून घर मोजले. गॅलरीच्या कठड्यापासून न्हाणीघराच्या खिडकीपर्यंत घर साडेआठ मीटर भरले. शेवटी तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने ते रोप दुकानात ठेवून घेतले. दुकानात ऊब होती, समोरून ऊन होते, आणि इस्त्रीवाला येता-जाता त्याच्यावर कपड्यांवर मारायचे पाणी मारत होता. आठवड्याभरात आजारी रोप सगळ्यांत तरतरीत झाले. पण ते बरे झाल्याचा दाखला तपासणी अधिकाऱ्याने द्यायचा होता, आणि ते पद मंजूर असले तरी अजून भरलेले नव्हते. त्यामुळे कागदोपत्री ते गंभीरच राहिले. काकू रोज खाली जाऊन त्याची चौकशी करून येत.

"काय म्हणतोय पेशंट?" जिन्यात लोक विचारायचे.

"अंगाने भरलाय," काकू सांगायच्या. "फक्त वर कळवू नका."

तेराव्या दिवशी बाईंनाच काकांची दया आली. त्यांनी खिडकी अर्धी बंद केली आणि आवाज खाली आणला. "काका, एक सांगू? खरा घोळ कागदाचा नाहीच आहे. तुमची रोपं थांबत नाहीत, हा घोळ आहे. एकदा ती थांबली की बाकी सगळं दोन दिवसांत मार्गी लागेल."

"ती कशी थांबतील?"

"आदेश काढू ना!"

आणि खरोखरच आदेश निघाला. 'सदर रोपांनी छाननी पूर्ण होईपर्यंत आहे त्या अवस्थेत राहावे. सदर कालावधीत नवीन पान, फांदी अथवा तत्सम बाब निर्माण केल्यास ती बेकायदेशीर समजली जाईल.' आदेश घेऊन निरीक्षक स्वतः गॅलरीत आला. संबंधितांना वाचून दाखवणे बंधनकारक असल्याने त्याने घसा खाकरून तो रोपांसमोर मोठ्याने वाचला. मग पोच म्हणून प्रत्येक रोपाच्या एका पानाला शाई लावून कागदावर ठसे घेतले. सत्तेचाळीसचा ठसा खाली इस्त्रीच्या दुकानात जाऊन घेतला, आणि जाताना निरीक्षक स्वतःचा एक शर्टही तिथे टाकून गेला.

"त्यांना कळलं असेल का हो?" काकूंनी विचारले.

"कळलं की नाही, हा आमचा विषय नाही," निरीक्षक हळूच म्हणाला. "पोच मिळाली."

रोपांनी आदेश मानला नाही. उलट शाई लागल्यामुळे की काय, त्या आठवड्यात ती जोमाने उठली. काकूंनी त्यांना समजावले, मग दरडावले, मग रात्रीच्या उरलेल्या पाण्यावर ठेवून पाहिले. काकांना मात्र दरडावणे जमेना. रोज सकाळी ते एकेका पेल्यापुढे उभे राहायचे, नवे पान दिसले की आधी त्यांचा चेहरा फुलायचा आणि मग लगेच पडायचा. आता पेल्यांच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळे बाहेर डोकावू लागली होती. खालची पाने कडेने पिवळी पडत होती. कॅलेंडरात चारच चौकोन उरले होते.

एकविसाव्या दिवशी सुनावणी लागली. विषय होता: स्थगिती आदेश असतानाही वाढ केल्याबद्दल कारणे दाखवा. सर्व संबंधितांनी जातीने हजर राहावे, असे नोटिशीत म्हटले होते.

सकाळी सगळी बिल्डिंग कामाला लागली. प्रत्येकाने दोन हातांत दोन पेले धरले आणि वरात निघावी तशी मिरवणूक निघाली. ज्यांना कामावर जायचे होते तेही आले, कारण कामावर यापेक्षा चांगले काही घडणार नव्हते. कक्षाच्या इमारतीत लिफ्ट होती, पण ती फक्त व्यक्तींसाठी होती. मग माणसे लिफ्टने वर गेली, रोपे खाली राहिली, माणसे जिन्याने परत खाली आली आणि रोपांना घेऊन जिन्याने वर गेली. सत्तेचाळीस क्रमांकाला इस्त्रीवाल्याने दहा मीटर अंतर राखून मागच्या जिन्याने आणले. त्याच्यावर त्याने धुतलेला रुमाल टाकला होता.

मुख्य अधिकारी लांब टेबलापलीकडे बसले होते. गोरेगोमटे, शांत आणि अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी आधी हजेरी घेतली. "क्रमांक एक." काका म्हणाले, "हजर." "क्रमांक दोन." "हजर." पंचवीसपर्यंत काकांचा आवाज खणखणीत होता. साठाव्याला काकूंनी त्यांना पाणी दिले. पुढचे हजर बिल्डिंगमधल्या लोकांनी मिळून म्हटले, आणि शंभरी ओलांडली तेव्हा दारातला शिपाईही त्यांच्या सुरात सूर मिसळत होता.

"सर्व हजर आहेत, ही समाधानाची बाब आहे," साहेब म्हणाले. "आता, स्थगिती असताना यांनी वाढ का केली?"

"सांगितलं होतं मी त्यांना," काका म्हणाले.

"सांगूनही ऐकलं नाही, असं लिहू?"

"साहेब, रोपं आहेत ती. वाढणारच."

"बरोबर." साहेबांनी एक अर्ज उचलला. "तुम्हीच व्यवसाय या रकान्यात वाढणे असं लिहिलेलं आहे. म्हणजे यांनी विनापरवाना व्यवसाय केला, हे तुम्हाला मान्य आहे."

तेवढ्यात मागच्या दाराशी गडबड झाली. इस्त्रीवाल्याने रुमाल उचलला होता आणि सत्तेचाळीस क्रमांकाच्या शेंड्यावर एक पिवळे, टवटवीत फूल हलत होते.

"फूल!" खिडकी चारच्या बाई ओरडल्या आणि त्यांनी आनंदाने टाळीच वाजवली. मग साहेबांकडे बघून हात टेबलाखाली नेले.

"हे गंभीर आहे," साहेब म्हणाले. "फूल आलं म्हणजे ते रोप राहिलं नाही. ते पीक झालं. एक पीक झालं की सगळा गट पिकात गेला. पिकाचा विभाग वेगळा. आणि इथे गेलेले दिवस तो मोजणार नाही. नव्याने अर्ज करावे लागतील, उंचीसह."

"किती दिवस लागतील?"

"साठ. झालं तर आधीही."

काकांनी हातातला पेला उलटा केला आणि त्याचा तळ साहेबांसमोर धरला. पांढरी मुळे भोकातून बाहेर येऊन पेल्याला वेढा घालून बसली होती. "साहेब, यांना आज-उद्याकडे माती मिळाली नाही तर ही बसतील. सगळी. मी मोजून सांगतो, एकशे नऊच्या एकशे नऊ." त्यांनी पेल्यासकट हात जोडले. एकतीस वर्षांत मालधक्क्यावर कोणी त्यांना असे पाहिले नव्हते. "मला विकायची नाहीत. काही सुटायला नको. मी फुकट देऊन टाकतो. फक्त ती लोकांकडे जाऊ द्या."

"फुकट?" साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली. "मग ते वितरण झालं. वितरण चौथ्या मजल्यावर."

काकू पुढे आल्या. "अहो साहेब, पण हा नियम हवा होता तरी कोणाला? कोण रडत होतं याच्याशिवाय?"

साहेब पहिल्यांदाच मनापासून हसले. त्यांना हा प्रश्न आवडला होता. "लोकांना," ते म्हणाले. "आम्ही काहीही लादत नाही, वहिनी. इथे सगळं लोकांना विचारून होतं."

त्यांनी घंटा वाजवली आणि शिपायाने एक जाडजूड फाइल आणून ठेवली. काही वर्षांपूर्वी पाण्याच्या बिलासोबत घरोघरी एक गुलाबी कागद गेला होता. त्यावर एकच प्रश्न होता: 'लोक घरी रोपे करून विकतात, त्यावर काही नियंत्रण असावे असे आपणांस वाटते काय?' खाली होय आणि नाही असे दोन चौकोन. शंभरातल्या सत्त्याण्णव लोकांनी होयवर खूण करून कागद परत पाठवले होते. साहेबांनी पाने उलटली आणि एका पानावर बोट ठेवले.

"हे आपलंच ना?"

अक्षर सुवाच्य होते. सही स्पष्ट होती. होयवरची खूण चौकोनाच्या बरोबर मध्ये होती. खाली 'अन्य सूचना' अशी एक ओळ होती. बहुतेकांनी ती कोरी सोडली होती, पण काकांना रकाना कोरा सोडायची सवय नव्हती. त्यांनी लिहिले होते: रोपांची अचूक गणना व्हावी.

"मला आठवत नाही," काका हळू आवाजात म्हणाले.

"कोणालाच आठवत नाही," साहेब मायेने म्हणाले. "तुमची सूचना फार मोलाची ठरली, पण. नियम तीन, पोटनियम एक. आमच्याकडे प्रशिक्षणात शिकवतात ती."

बिल्डिंगमधले लोक कुतूहलाने फाइलवर वाकले आणि एकेक करून मागे सरकले, कारण ज्याला त्याला आपापला कागद सापडत होता. इस्त्रीवाल्यानेही होय म्हटले होते. फोटोवाल्यानेही. नाहीवर खूण केलेले मोजकेच कागद होते, त्यातला एक काकूंचा. त्यांनी चौकोनाबाहेर लिहिले होते: तुम्हाला दुसरे काम नाही का. त्यामुळे तो कागद नियमबाह्य ठरवून बाजूला ठेवलेला होता.

काकांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी मात्र त्यावरून त्यांना आयुष्यात कधी काही बोलून दाखवायचे नाही असे त्याच क्षणी ठरवले. पुढे त्या ते दिवसातून फक्त एकदा बोलून दाखवायच्या.

निकाल दुपारी लागला. रोपे जप्त. जप्त मालाची हानी होऊ नये ही कार्यालयाची जबाबदारी असल्याने, कर्मचाऱ्यांनी तो माल आपापल्या घरी नेऊन योग्य ती निगा राखावी, असा आदेश झाला. आदेशावरची शाई वाळण्याआधीच खोली रिकामी झाली. बाईंनी सहा रोपे उचलली, निरीक्षकाने आठ, शिपायाने दोन्ही खिसे सांभाळत चार. साहेबांनी फुलावर आलेले सत्तेचाळीस क्रमांकाचे रोप स्वतः गाडीत ठेवले आणि ड्रायव्हरला हळू चालवायला सांगितले. पाच वाजता काकांच्या हातात एक पावती होती आणि बाहेर कर्मचाऱ्यांच्या पिशव्यांतून हिरवे शेंडे डोलत चालले होते. बाई कोपऱ्यावरून मागे वळून ओरडल्या, "आजच लावते हो काका! मोठ्या कुंडीत!"

दीड महिन्याने काका-काकू संध्याकाळचे फिरायला निघायचे ते हटकून कक्षाच्या कर्मचारी वसाहतीवरून जायचे. खिडक्याखिडक्यांत काठीला बांधलेली टोमॅटोची झाडे उभी होती, कुठे हिरवी फळे, कुठे लाल. काकांनी तीन संध्याकाळी लावून सगळी मोजली. एकशे नऊच्या एकशे नऊ जगली होती. चौथ्या संध्याकाळी ते वसाहतीसमोरच्या कट्ट्यावर नुसतेच बसून राहिले, आणि काकूंना म्हणाले की मला फार बरं वाटतंय, उगाच कोणाला सांगू नकोस. एक पैसा सुटला नव्हता. काकूंनी त्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

त्याच आठवड्यात पाण्याच्या बिलासोबत पुन्हा एक गुलाबी कागद आला. 'आपल्या शेजाऱ्याच्या खिडकीत काय आहे, त्याची दरमहा नोंद ठेवली जावी असे आपणांस वाटते काय?' काकांनी तो तीनदा वाचला. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि नाहीच्या चौकोनात इतकी जोरात खूण केली की ती मागच्या बाजूने उमटली. काकूंनी आपल्या कागदावर या वेळी चौकोनाच्या आतच राहून नाही म्हटले. त्यांच्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा त्याग होता.

महिन्याभराने निकाल लागला. उत्तरे सर्वांना पाहण्यासाठी कक्षात टेबलावर ठेवली आहेत, अशी सूचना लागली. बघायला एकटे काका गेले. बाईंनी त्यांना आतली खुर्ची दिली आणि ते पाच दिवस बसून एकेक कागद मोजत राहिले. नाही म्हणणारे दोन निघाले आणि ते दोन्ही एकाच घरातले होते.

बाकी सगळे होय होते. मोजणीत चूक असण्याचा प्रश्नच नाही, वाचकहो, मोजणारा माणूस कोण आहे हे आपण पाहिलेच आहे. आपला कागद तिसऱ्या गठ्ठ्यात वरून आठवा आहे. सही आपलीच आहे, खूण ठळक आहे, आणि पहिले पेन चालेना म्हणून आपण दुसरे शोधून आणले होते, हेही त्यावर दिसते. प्रश्न वाचायला आपल्याला वेळ झाला नव्हता. शेजाऱ्याचे काहीतरी आहे, एवढेच आपल्या लक्षात आले होते.